डोंगराचा झाला खड्डा : राजगडाचं मॉडेल, त्याचे फोटो आणि परत आलेली चार पार्सलं

पार्सल परत आलं की सोबत एका ओळीचं कारण येतं, आणि विकणाऱ्याला तो हमखास गिऱ्हाइकाचा तिरसटपणा वाटतो. माझा भाचा राजगडाची छोटी मॉडेलं ऑनलाइन विकतो. त्याच्याकडे २०२५च्या ऑगस्टमध्ये अशी चार पार्सलं परत आली. ‘रंग वेगळा निघाला.’ ‘फारच लहान आहे.’ ‘सगळ्या अंगावर रेघा.’ चौथ्याने नुसतं ‘फोटोसारखा नाही’ एवढंच लिहिलं होतं. शिवाय एकाने विकत न घेताच विचारलं होतं, ‘मधोमध तो खड्डा कसला?’ भाच्याला सगळ्यात जास्त राग या प्रश्नाचा आला होता, कारण मधोमध बालेकिल्ला होता.

“मामा, लोकांना राजगडच ओळखता येत नाही, त्याला मी काय करू?” तो फोनवर म्हणाला. मी म्हटलं, फोटो पाठव. फोटो आले, बघितले, आणि मलाही खड्डाच दिसला.

मी पुण्यात बावीस वर्षं सराफांच्या कॅटलॉगांसाठी दागिन्यांचे फोटो काढले. किल्ल्यांचा अनुभव शून्य. पण कॅमेऱ्याच्या लेखी कोल्हापुरी साज आणि विताएवढा राजगड यांत फारसा फरक नाही. दोन्ही उंचसखल, दोन्हींचा जीव सावलीत. म्हणून एका रविवारी अक्काकडे गेलो. अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, भाच्याची आई. शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाली. सिंहगड रस्त्यावर तिसऱ्या मजल्यावर दोघांचा फ्लॅट आहे. भाचा रात्री थ्रीडी प्रिंटर लावतो, सकाळी कामावर जातो, आणि अक्का दिवसभर गड रंगवते. त्या वर्षी जुलैत मराठ्यांचे १२ किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले, अकरा महाराष्ट्रातले आणि एक तमिळनाडूतला जिंजी. त्यात राजगड असल्यामुळे चौकशा वाढल्या होत्या. आणि नेमकी तेव्हाच परतीची पार्सलं सुरू झाली.

वस्तू काय आहे

हे आधी सांगायला हवं, कारण निम्म्या तक्रारींचं मूळ फोटोत नसून वस्तू आणि फोटो यांच्यातल्या फटीत होतं.

मॉडेलचा पाया १६ सेंटिमीटर चौरस. प्रमाण १:२०,०००, म्हणजे ३.२ किलोमीटर लांबी-रुंदीचा मुलूख एवढ्याशा चौकोनात. उंची मात्र दीडपट वाढवलेली. नाहीतर सह्याद्रीसुद्धा या प्रमाणात चेपलेला दिसतो. डोंगराचा आकार २००० साली एंडेव्हर या अंतराळयानातून झालेल्या रडार मोजणीच्या माहितीवरून घेतलेला आहे. ती माहिती साधारण ३० मीटरला एक ठिपका अशी मिळते. या मॉडेलवर ३० मीटर म्हणजे दीड मिलिमीटर. एवढ्या जाड चाळणीतून डोंगर येतो, सोंडा येतात, माच्या येतात; तटबंदी येत नाही. ती भाच्याने नकाशा आणि स्वतः काढलेले फोटो समोर ठेवून संगणकावर हाताने रचली. तीन मीटर जाडीची भिंत प्रमाणात करायची तर ती ०.१५ मिलिमीटर भरेल, आणि प्रिंटरच्या नोझलचं भोकच ०.४ मिलिमीटरचं. म्हणजे तट जाड दाखवण्यावाचून गत्यंतर नाही. यात लपवण्यासारखं काही नाही, पण ते वर्णनात कुठेही लिहिलेलं नव्हतं.

छपाई पीएलए या प्लास्टिकची, ०.२ मिलिमीटरच्या थरांत. त्यावर अक्काचा हात. आधी पातळ काळा रंग, जो घळींत उतरतो. मग जवळजवळ कोरड्या ब्रशने कड्यांच्या धारांवर राखाडी. मग उतारांवर वाळल्या गवताचा पिवळट तपकिरी. तिने ठरवून मार्गशीर्षातला राजगड रंगवला होता, गवत वाळलेलं आणि कातळ उघडा. बालेकिल्ल्यावर टाचणीला लावलेला कागदी भगवा, नखाच्या टोकाएवढा.

हिरवं ऊन

जुन्या फोटोंत हा मार्गशीर्षातला गड श्रावणातला दिसत होता. अक्काचं म्हणणं, फोन खराब आहे. भाच्याचं म्हणणं, आईने रंगात हिरवा जास्त घातला. मायलेकांत यावरून आठवडाभर धुसफूस चालली होती.

मी नेहमीचं काम केलं, म्हणजे मॉडेलच्या जागी एक कोरा पांढरा कागद ठेवला आणि फोटो काढला. कागद पोपटी आला. मग मान वर केली. गॅलरीला अक्काने झाडांसाठी हिरवी शेडनेट बांधलेली. तिच्या ऑर्किडना कडक ऊन सोसत नाही. सगळा उजेड त्या जाळीतून गाळून टेबलावर पडत होता. डोळा अशा उजेडाला दोन मिनिटांत सरावतो आणि कागद पांढराच आहे असं आपल्याला सांगत राहतो. फोनही अंदाज बांधतो, पण त्याच्यापुढे तपकिरी डोंगर, मागे पिस्ता रंगाची भिंत आणि वर छतातले पिवळे दिवे, असा तिहेरी घोळ होता. त्याने बिचाऱ्याने मधला मार्ग काढला.

‘रंग वेगळा निघाला’ म्हणणारा गिऱ्हाईक इथे शंभर टक्के बरोबर होता. त्याने पावसाळ्यातला हिरवागार गड मागवला होता आणि त्याला वाळलेला मिळाला.

उपाय पैशाचा नव्हता. गॅलरीचा पडदा ओढला, छतातले दिवे बंद केले, आणि एकाच जातीच्या, एकाच खोक्यातून आलेल्या दोन एलईडी बल्बांवर काम करायचं ठरवलं. बल्ब घेताना खोक्यावर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० किंवा त्याहून जास्त लिहिलाय का तेवढं पाहायला भाच्याला सांगितलं होतं. स्वस्त एलईडीच्या उजेडात गडद तांबडा कमी असतो, आणि मग भगवा मरगळलेला दिसतो. सराफ दुकानात पिवळे दिवे लावतात तो याच खेळाचा दुसरा भाग. तिथे सोनं उजळावं म्हणून मुद्दाम उजेड झुकवतात. आम्हाला झुकवायचा नव्हता.

पहिल्या फोटोत मॉडेलशेजारी पांढरा कागद ठेवायचा, त्यावरून फोनवरच्या स्नॅपसीड ॲपमध्ये रंग सरळ करायचा आणि तीच दुरुस्ती पुढच्या सगळ्या फोटोंना लावायची, एवढा एकच नियम घातला. अक्काने पहिला दुरुस्त फोटो हातात घेऊन खिडकीपाशी नेला, मॉडेलशेजारी धरला, आणि म्हणाली, “हा माझा रंग.” धुसफूस तिथेच मिटली. शेडनेट अर्थात जागच्या जागी आहे.

खड्डा

आता मुख्य दुखणं. भाचा मॉडेल जमिनीवर ठेवून वरून, नकाशासारखा, फोटो काढत होता. उत्तर वर, दक्षिण खाली, अगदी शिस्तीत. तो खिडकीकडे पाठ करून उभा राहायचा, म्हणजे उजेड त्याच्या पाठीमागून यायचा आणि फोटोत तो खालच्या कडेकडून शिरायचा. डोंगराचा खालचा उतार उजळ, वरचा काळा.

माणसाच्या डोळ्याची जन्माची सवय अशी की उजेड वरून येतो. सूर्य वर, दिवा वर. त्यामुळे सपाट चित्रात एखाद्या आकाराची वरची बाजू उजळ आणि खालची काळी दिसली की डोकं म्हणतं, उंचवटा. उलटं दिसलं की म्हणतं, खळगा. विचार करून नाही, आपोआप. भाच्याला खड्डा दिसत नव्हता, कारण डोंगर त्याने स्वतः बनवला होता.

मी त्याचाच फोन त्याच्यापुढे धरला आणि उलटा फिरवला. बालेकिल्ला टुणकन वर आला. पुन्हा सुलटा केला, पुन्हा खाली गेला. अक्काने तो फोन माझ्या हातातून घेतला आणि पाच मिनिटं नुसती फिरवत बसली.

नकाशे काढणाऱ्यांना हे फार पूर्वीपासून माहीत आहे. उठावाच्या नकाशांत सावली घालताना ते उजेड वायव्येकडून, म्हणजे कागदाच्या वरच्या डाव्या कोपऱ्यातून येतो असं धरतात. उत्तरेपासून ३१५ अंश दिशा आणि क्षितिजापासून ४५ अंश उंची हे आकडे नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आधीच भरलेले असतात. गंमत अशी की महाराष्ट्रात त्या कोपऱ्यातून तेवढ्या उंचीवरून ऊन जवळजवळ कधीच येत नाही. आपल्याकडे वर्षाचा बराच काळ सूर्य दक्षिणेकडे कललेला. म्हणजे नकाशातली सावली खोटी, आणि ती खोटी असते म्हणून डोंगर खरा दिसतो.

मी टेबल लॅम्प मॉडेलच्या वरच्या डाव्या बाजूला नेला. ४५ अंशांवर डोंगर कळला, पण थोडा गुळगुळीत वाटला. ३० अंशांपर्यंत खाली आणल्यावर संजीवनी माचीची लांब सोंड सुटून दिसायला लागली. त्याहून खाली नेल्यावर बालेकिल्ल्याची सावली सुवेळा माचीवर पडून अर्धी माची नाहीशी झाली. ट्रेक करणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. दुपारी बाराला काढलेला गड पोळीसारखा चपटा येतो आणि सकाळी साडेसातला त्याच गडाला अंग येतं.

दिव्यापुढे वीतभर अंतरावर बटर पेपरचा एक ताव धरला. दोन ताव धरले तर सावलीची धार गेली आणि डोंगर पुन्हा पोळी झाला. समोरच्या बाजूला टीव्हीच्या खोक्यातला थर्माकोल उभा केला, म्हणजे अंधाऱ्या उतारांवर परतीचा उजेड पोचला. दागिन्यांना आम्ही चारी बाजूंनी मऊ उजेड देतो, कारण सोन्यात आजूबाजूची खोलीसुद्धा दिसते, आरशासारखी. या मॅट प्लास्टिकला मात्र थोडी निष्ठुर सावली लागते. हे कळायला मला तासभर लागला, आणि तोपर्यंत माझे सगळे फोटो भाच्याच्या फोटोंपेक्षा बरे नव्हते.

एका फोटोत आडवे काळे पट्टे आले. स्वस्त बल्ब घराच्या ५० हर्ट्‌झच्या विजेवर सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतो. फोनचा शटर फार जलद असला की ती लुकलुक पट्ट्यांच्या रूपात पकडली जाते. प्रो मोडमध्ये शटर १/५० केला, पट्टे गेले. एवढ्या हळू शटरला हात चालत नाही, म्हणून फोन पुस्तकांच्या थप्पीवर टेकवला आणि दोन सेकंदांचा टायमर लावला.

रेघा

‘सगळ्या अंगावर रेघा’ ही तक्रार नव्या उजेडात आणखी रास्त झाली. तिरप्या उजेडात डोंगर उठतो तसा प्रत्येक थरही उठतो. उभ्या कड्यावर थर दिसत नाहीत, पण माचीच्या मंद उतारावर ते पायऱ्यांसारखे पसरतात. भाचा पार उतरला. त्याला थर लपवायचे होते.

इथे आमचं बरंच वाजलं. त्याच्या जुन्या लिस्टिंगचा पहिला फोटो त्याने एका एआय ॲपमधून काढला होता. मागे धुकं, तांबडं आभाळ, सगळं देखणं. मी तो मोठा करून पाहिला. ॲपने मागचं आभाळ घालता घालता थर घासून गुळगुळीत केले होते, एक बुरूज गोल होता तो चौकोनी केला होता, आणि पद्मावती माचीवर चार झाडं लावली होती. ‘फोटोसारखा नाही’ लिहिणाऱ्याला ही झाडं हवी होती की काय, कोण जाणे. पण त्याने लिहिलं ते अक्षरशः खरं होतं.

“सगळेच करतात, मामा.”

“करत असतील. तुझ्याकडे पार्सल परत येतंय.”

ग्राहक संरक्षणाचे २०२०चे ई-कॉमर्स नियमही याबाबत सरळ आहेत. जाहिरातीत दाखवलेली आणि प्रत्यक्षातली वस्तू जुळली पाहिजे, आणि जुळत नसेल तर विकणाऱ्याला ती परत घ्यायला नाही म्हणता येत नाही. पण मी नियम दाखवून त्याला गप्प केलं असं नाही. त्याला पटलं ते अक्काच्या बोलण्याने. ती चष्मा लावून मॉडेल न्याहाळत होती. म्हणाली, “अरे, या रेघा म्हणजे भूगोलाच्या पुस्तकातल्या समोच्च रेषाच की.”

हिशेब केला तर खरंच तसं आहे. ०.२ मिलिमीटरचा थर १:२०,०००ला चार मीटर होतो, आणि उंची दीडपट वाढवलेली असल्याने प्रत्यक्षात साधारण पावणेतीन मीटर. म्हणजे मॉडेलवरची प्रत्येक रेघ डोंगरावरच्या एकाच उंचीवरून फिरते. आता लिस्टिंगमध्ये सुवेळा माचीच्या उताराचा एक जवळचा फोटो आहे, मुद्दाम तिरप्या उजेडात, थर ठसठशीत दिसतील असा. खाली ओळ आहे: ‘छपाईचे थर दिसतात व बोटाला लागतात. एक थर म्हणजे गडावरची सुमारे पावणेतीन मीटर उंची. तटबंदी प्रमाणापेक्षा जाड आहे.’ ज्याला गुळगुळीत हवं तो इथेच वळतो. भाच्याला अजूनही वाटतं की आपण गिऱ्हाईक घालवतोय. घालवतोच आहोत, पार्सल जायच्या आधी.

जवळून फोटो काढताना दिसलेली आणखी एक गोष्ट. छपाईत प्लास्टिकचे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू राहतात, आणि काळ्या रंगावर धूळ बसते. डोळ्याला दोन्ही दिसत नाहीत, फोटोत केस पडल्यासारखे दिसतात. हवेचा रबरी फुगा आणि रंगाचा मऊ कोरडा ब्रश, दर फोटोआधी. ही सवय सोन्याच्या धंद्यातली. तिथे बोटाचा एक ठसा राहिला तरी साहेब ओरडायचे.

मावळा

‘फारच लहान आहे’ म्हणणाऱ्याला वर्णनात १६ सेंटिमीटर लिहिलेलं दिसलं नव्हतं का? लिहिलेलं होतं, अगदी पहिल्या ओळीत. पण लोक फोटो वाचतात. आणि फोटोत अक्काने हौसेने दिवाळीतला मातीचा मावळा गडाच्या पायथ्याशी उभा केला होता.

मराठी माणसाच्या डोक्यात मावळा आणि किल्ला यांचं एक माप लहानपणापासून बसलेलं आहे, ते अंगणातल्या किल्ल्याचं. दगडमातीचा, गुडघ्याएवढा, वर अळीव पेरलेलं, आणि त्यावर हे मावळे. अक्काचा मावळा दोन इंची होता. बघणाऱ्याने दोन इंची मावळा पाहिला आणि बाकीचं त्याच्या मनाने अंगणातल्या मापाने भरून काढलं. आकाराची कल्पना द्यायला ठेवलेली वस्तू जर स्वतःच लहान-मोठी मिळत असेल, तर ती माप देत नाही, घोळ घालते.

मावळा काढला. त्याजागी दहा रुपयांचं नाणं, २७ मिलिमीटर, देशभर एकाच मापाचं. आणि त्याहून उपयोगी, अक्काचा हात. तिने मॉडेल तळहातावर तोललंय, अंगठा पायाच्या कडेवर, मनगटात दोन काचेच्या बांगड्या. हा फोटो मला सगळ्यात आवडतो. नखात थोडा रंग अडकलेला आहे; भाचा तो पुसायला सांगत होता, मी पुसू दिला नाही. हाताने रंगवलंय हे सांगायला वेगळी ओळ लागत नाही.

पहिला, मुख्य फोटो मात्र रिकामा ठेवावा लागतो. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी लागते, वस्तूने चौकटीचा ८५ टक्के भाग व्यापावा लागतो, आणि शेजारी नाणी, हात, अक्षरं काही चालत नाही. इथे एक तांत्रिक पेच आला. पांढऱ्या कागदावर ठेवलेली वस्तू फोनला दिली की तो सगळं मिळून मध्यम करडं करायला बघतो, त्यामुळे कागद राखेसारखा येतो. उजेड वाढवला की कागद पांढरा होतो, पण टाचणीवरचा भगवा फुटतो. त्याचा तांबडा आधीच काठोकाठ भरलेला असतो, त्यात आणखी उजेड ओतला की नुसता पिवळट नारिंगी डाग उरतो. अक्काला तो डाग मंजूर नव्हता, आणि खरं सांगायचं तर मलाही नव्हता. म्हणून दुसरा बल्ब फक्त मागच्या कागदाला दिला. कार्ट्रिज पेपर भिंतीवरून टेबलावर वळण देऊन सोडलेला, मॉडेल त्यापासून हातभर पुढे. एक्स्पोजर भगव्यासाठी कमी, आणि मागच्या कागदाला त्याचा स्वतंत्र उजेड. मग दोघंही जागेवर.

अंतराचंही सांगून टाकतो. भाचा फोन अगदी जवळ नेत होता. फोनचं मुख्य भिंग रुंद कोनाचं असतं. जवळून काढलं की पुढची माची नाकासारखी फुगते आणि मागची आखडते. दोन पावलं मागे जाऊन २एक्स झूमवर काढलं की गड ताळ्यावर येतो. पोर्ट्रेट मोड बंद. तो मागचं धूसर करताना बुरुजांच्या कडा आणि टाचणी दोन्ही खातो.

नेढं

दुपारी चारला आम्ही आवरायला घेतलं आणि भाचा म्हणाला, “नेढं राहिलं.”

सुवेळा माचीवर कातळाला आरपार नैसर्गिक भोक आहे, माणूस आरामात बसेल एवढं. राजगडावर गेलेल्या कुणालाही विचारा, फोटो तिथला असतोच. उंचीच्या माहितीतून हे भोक येऊच शकत नाही, कारण ती माहिती प्रत्येक ठिकाणाची एकच उंची सांगते. खाली कातळ, मध्ये हवा, वर पुन्हा कातळ हे तिला माहीत नाही. भाच्याने ते फाइलमध्ये हाताने कोरलं होतं. प्रमाणात केलं असतं तर सुईलाही सापडलं नसतं, म्हणून दोन मिलिमीटरचं केलं होतं. सगळ्या मॉडेलमध्ये त्याचा जीव इथे अडकलेला, आणि त्याच्या एकाही फोटोत नेढं दिसत नव्हतं. काळ्या कातळावर काळा ठिपका.

भोक दिसायचं तर त्याच्या पलीकडे उजेड पाहिजे. मॉडेल टेबलाच्या कडेला आणलं, फोन इतका खाली नेला की नेढ्यातून थेट मागचा पांढरा कागद दिसेल, आणि मागचा बल्ब तसाच ठेवून पुढचा अर्धा झाकला. कातळ काळवंडला, त्याच्या कडेला उजेडाची बारीक रेघ आली, आणि मधे एक पांढरा ठिपका लख्ख पेटला. भाच्याने स्क्रीनवर दोन बोटांनी मोठा करून पाहिला. तंतूचा एक केस आडवा आला होता. सुईने काढला, पुन्हा फोटो.

या एका फोटोला आम्ही पाऊण तास दिला. नुसत्या विक्रीच्या हिशेबाने तो वायफळ ठरेल. पण गडावर गेलेला माणूस लिस्टिंग उघडून आधी नेढं शोधतो, हे मला त्या दिवशी भाच्याकडे बघून कळलं. म्हणून दुसऱ्या क्रमांकावर नेढ्याचा फोटो आहे. वरून काढलेला नकाशासारखा फोटो, ज्यावर त्याचा एवढा जीव होता, तो पाचवा गेला, आणि त्यावर उत्तरेचा बाण आहे. तिसरा फोटो पायथ्याच्या गुंजवणे गावाच्या बाजूने गड दिसतो तसा, डोळे मॉडेलच्या पायथ्याशी नेऊन काढलेला. त्या वाटेने चोरदरवाजाकडे चढलेले लोक गडाला त्याच कडेने ओळखतात.

नंतर

नवे फोटो सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात चढवले. पुढे दिवाळी होती, आणि दिवाळीत किल्ल्याचं मॉडेल कुठल्याही फोटोवर थोडंफार खपतंच; तेव्हा विक्री वाढली ती फोटोंमुळे असं मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. एवढं सांगू शकतो की ‘रंग’ आणि ‘लहान’ ही दोन कारणं त्यानंतर आली नाहीत. एक मॉडेल परत आलं ते टाचणी वाकून. तो पॅकिंगचा विषय, त्यात मी पडलो नाही. खड्ड्याबद्दल कुणी विचारलं नाही.

रेघांबद्दल मात्र एक मेसेज आला. कुणीतरी विचारलं होतं, थर मोजून बालेकिल्ल्याची उंची काढता येईल का. भाच्याने उत्तर द्यायला रात्री अकरा वाजता मला फोन केला. मी म्हटलं, तुझ्या आईला विचार.

आता सिंधुदुर्ग चाललाय. त्याला भोवती समुद्र हवा, म्हणून भाच्याने पारदर्शक इपॉक्सी ओतलंय, आणि अक्काने त्यात निळा-हिरवा इतक्या बेताने सोडलाय की तटाच्या पायाशी पाणी खरंच उथळ वाटतं. परवा त्याचा पहिला फोटो काढला. किल्ला छान आला. समुद्रात छताचा पंखा होता, तिन्ही पात्यांसह, आणि एका पात्याच्या टोकाशी मी.